‘दोर तुटला’ एवढ्यावर बातमी संपवू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात अधूनमधून आतल्या पानावर चार-पाच ओळींची एक बातमी येते. क्रेनचा दोर तुटला, अमुक जखमी, पोलिसात नोंद, पुढील तपास चालू. किंवा विहिरीचं काम चालू असताना यारीचा, म्हणजे माती-दगड वर ओढायच्या यंत्राचा, दोर तुटला आणि डब्यासकट मजूर खाली गेले. अशी बातमी दिसली की मी ती दोनदा वाचतो, कारण मला त्यात एकच गोष्ट शोधायची असते, तो दोर कुठला होता. किती एमएमचा होता, कुठल्या बांधणीचा होता, आतला गाभा स्टीलचा होता का सुताचा, आणि त्या कामासाठी तो कोणी निवडला होता. आजपर्यंत एकाही बातमीत मला हे वाचायला मिळालेलं नाही, म्हणून शेवटी आज पत्र लिहायला बसलोय आणि ते लांबणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

मी सातपूर आणि अंबडमधल्या तीन कंपन्यांमध्ये मिळून ३१ वर्ष मेंटेनन्सला काढली, त्यातली शेवटची १४ वर्ष फक्त क्रेन, होईस्ट (वजन उचलायचं यंत्र) आणि स्लिंग (वजनाला बांधून हुकाला अडकवायचा दोर) हेच काम होतं. मी इंजिनिअर नाही, फिटरचा आयटीआय आहे, पण दोर मात्र हजारो मीटर हाताखालून गेलेत. त्यावरून सांगतो की दोर ‘असाच’ कधी तुटत नाही. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो म्हणून तुटतो, आणि चूक तुटायच्या दिवशी नाही तर विकत घ्यायच्या दिवशी झालेली असते.

दुकानात काय होतं ते बघा. मुलगा मोटरसायकलवर येतो आणि म्हणतो, शेठ, सोळा एमएमची वायर रोप द्या चाळीस मीटर. शेठ विचारतात कशाला पाहिजे, तो म्हणतो क्रेनला. संपलं. जे बंडल समोर असतं ते मोजून कापलं जातं. आता सोळा एमएम ही फक्त जाडी झाली, डॉक्टरकडे जाऊन ‘पांढरी गोळी द्या’ म्हणण्यासारखं आहे हे. सोळा एमएममध्ये निदान आठ-दहा वेगवेगळ्या बांधणीचे दोर मिळतात, वरून दिसायला सगळे सारखेच, तेच करडे आणि तेच ग्रीस लावलेले. पण एक जिथे दोन वर्ष टिकतो तिथे दुसरा तीन महिन्यात संपतो.

बांधणी म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. आपला शेतातला सोल किंवा नाडा जसा पेडांचा वळलेला असतो तसाच तारेचा दोर पण पेडांचाच असतो, फक्त इथे एकेक पेड म्हणजे पुन्हा बारीक तारांची जुडी असते. ६×३६ म्हटलं की सहा पेड आणि प्रत्येक पेडात ३६ तारा, म्हणजे २१६ तारा झाल्या, आणि मधे स्टीलचा गाभा असेल तर त्याच्या वेगळ्या ४९, एकूण २६५. हा दोर पुलीवरून वळतो तेव्हा या सगळ्या तारा एकमेकींवरून थोड्या थोड्या सरकतात, बाहेरच्या ताणल्या जातात, आतल्या दबतात, आणि पुली सोडली की परत सरळ होतात. एका शिफ्टमध्ये हे शेकडो वेळा होतं. म्हणून किती तारा, किती जाड तारा आणि त्या कशा बसवल्यात यावरच दोराचं आयुष्य ठरतं. सील आणि वॉरिंग्टन-सील ही पेडात तारा बसवायच्या पद्धतींची नावं आहेत. ६×१९ सील असेल तर पेडात बाहेरच्या बाजूला ९ जाड तारा असतात, ६×३६ वॉरिंग्टन-सील असेल तर १४ बारीक. सोळा एमएममध्ये पहिल्याची बाहेरची तार साधारण १.३ एमएम आणि दुसऱ्याची साधारण ०.९ एमएम असते. जाड तार घासण्याला टिकते पण वाकण्याला कंटाळते, बारीक तार वाकायला चांगली पण घासली की लवकर संपते. सगळा खेळ इथे आहे.

आणि लोक फसतात ते इथेच, कारण कॅटलॉग उघडला की दोन्हीचं ब्रेकिंग लोड, म्हणजे किती वजनाला दोर तुटेल तो आकडा, सारखंच दिसतं. १६ एमएम, १७७० ग्रेड (तारेच्या पोलादाची ताकद), स्टील कोअर म्हणजे स्टीलचा गाभा, दोन्ही बांधणीत साधारण १६१ किलोन्यूटन, म्हणजे सोळा टनाच्या थोडं वर. मग स्टोअरवाला म्हणतो टन तर तेवढेच आहेत ना, मग काय फरक पडतो. मी हे वाक्य जसंच्या तसं ऐकलेलं आहे. आमच्याकडे एक दहा टनी ईओटी, म्हणजे शेडच्या छताखाली रुळांवर चालणारी क्रेन होती, चार फॉलची, म्हणजे वजन दोराच्या चार पदरांवर पेलणारी, तिला ६×३६ लागायचा, एकदा तो मिळाला नाही म्हणून ६×१९ सील आणून चढवला. त्या क्रेनची पुली होती ४०० एमएमची. दोराच्या हँडबुकात तक्ता असतो की पुलीचा व्यास दोराच्या किती पट पाहिजे, त्यात ६×१९ सीलला कमीत कमी ३४ पट दिलंय आणि ६×३६ ला २३ पट. म्हणजे सोळा एमएमला एकीकडे ५४४ एमएमची पुली लागते आणि दुसरीकडे ३६८ चालते. आमची ४००. आधीचा दोर जवळजवळ दोन वर्ष चालला होता, हा तिसऱ्या महिन्यात हातमोज्याला टोचायला लागला, म्हणजे बाहेरच्या तारा तुटायला सुरुवात झाली होती. ताकद पुरेपूर होती, पण तो वाकून वाकून मेला. तेव्हा आम्ही तो वेळेत उतरवला म्हणून काही झालं नाही, पण ज्या शेडमध्ये हातमोजा फिरवून बघणारा माणूसच नाही तिथे काय होत असेल याचा विचार करा.

उलटं पण होतं बरं का. यार्डात विंचने माल ओढतात, दोर जमिनीवरून, सिमेंटवरून, रुळावरून घासत जातो, तिथे कोणीतरी हुशारी करून ६×३६ लावतो कारण तो ‘चांगला आणि महाग’. तिथे बारीक तारा खरवडून जातात, तिथे ६×१९ च पाहिजे. म्हणून चांगला दोर किंवा वाईट दोर असं काही नसतं, कामाला जुळणारा पाहिजे. अजून एक, बाजारात ६×३६ ला सर्रास ‘सिक्स थर्टी सेव्हन’ म्हणतात, त्या वर्गाचं नावच तसं पडलंय. पण खराखुरा ६×३७ म्हणून जुन्या पद्धतीचा दोर पण येतो, त्यात तारांचे थर वेगवेगळ्या लांबीच्या पिळाने घातलेले असतात आणि तारा एकमेकींना आडव्या छेदतात, जिथे छेदतात तिथे एकमेकींना खाच पाडतात. वॉरिंग्टन-सीलमध्ये सगळ्या तारा एकाच पिळात शेजारी शेजारी बसतात. तोंडी नावावर विसंबून माल घेतला की यातलं नक्की काय आलं ते सर्टिफिकेट बघितल्याशिवाय कळत नाही.

आता गाभ्याचं सांगतो, आणि यासाठीच खरं तर हे पत्र लिहितोय.

दोराच्या मधला गाभा दोन प्रकारचा असतो, एक सुताचा म्हणजे सिसल वगैरे धाग्याचा, दुसरा स्टीलचा, म्हणजे आत अजून एक छोटा दोरच. सुताचा गाभा तेल धरून ठेवतो, दोर मऊ राहतो आणि स्वस्त पडतो. स्टीलचा गाभा साधारण आठ टक्के जास्त ताकद देतो, ड्रमवर थरावर थर बसले तरी दबत नाही, आणि उष्णतेला टिकतो. सुताच्या गाभ्याचा दोर १०० डिग्रीच्या वर वापरायचा नाही असा नियम आहे. आपल्या सातपूर-अंबडला फोर्जिंगची शेड काही कमी नाहीत, तिथे डाय म्हणजे साचा तापलेला असतो, जॉब लाल असतो, आणि स्लिंग त्याच्या हातभर अंतरावर लटकत असते.

साल २००८ ची गोष्ट आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही. तीन टनाची डाय उचलायची होती, एकाच स्लिंगवर. स्लिंग १८ एमएमची, हिशोबाने चार टनाच्या आसपास सहज घेईल अशी, वरून बघितली तर एक तार तुटलेली नाही, ग्रीस लावलेलं, मी स्वतः आदल्या आठवड्यात बघून बरोबरची खूण केलेली. डाय बोल्स्टरपासून, म्हणजे प्रेसच्या बैठकीपासून, फूटभर वर आली आणि स्लिंग तुटली. डाय तिरकी पडली आणि आमच्या हेल्परच्या, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, पायावर आली. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. साडेचार महिने तो घरी होता आणि परत आला तेव्हा त्याला शेडमध्ये उभं राहायचं काम करता येईना, गेटवर बसवला.

मी तुटलेल्या स्लिंगचा तुकडा घेतला आणि व्हाईसमध्ये धरून पेड उलगडले. आतून काळी भुकटी सांडली. गाभा जळून कोळसा झाला होता. आपल्यात म्हणतात सुंभ जळला तरी पीळ जात नाही, पण तारेच्या दोरात उलटं आहे, इथे आतला सुंभ जळला की बाहेरचा पीळच निराधार होतो, पेड आत दबतात, एकमेकांवर घासतात, आणि आतल्या बाजूच्या तारा तुटत जातात ज्या बाहेरून दिसतच नाहीत. मी व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावला असता तर कळलं असतं, कारण गाभा गेला की दोर बारीक होतो. मी लावला नव्हता. नुसतं डोळ्याने बघून खूण केली होती. त्यातली माझी चूक मी तेव्हाही मान्य केली होती आणि आजही करतो.

पण चौकशीच्या कागदावर काय आलं तर ‘क्रेन ऑपरेटरचा निष्काळजीपणा’. ऑपरेटर पोरगा पंचवीस वर्षाचा, त्याने बटण दाबलं एवढंच. स्लिंग स्टील कोअरची पाहिजे असं मी लिहून दिलेलं होतं, खरेदी करताना कोअरचा शब्द गाळला गेला आणि जो स्वस्त कोटेशनचा माल होता तो आला. आल्यावर मी पण कापून बघितला नाही. म्हणजे डिमांड स्लिपवरचा एक शब्द गळाला आणि अण्णाचा पाय गेला, आणि कागदावर नाव आलं बटण दाबणाऱ्याचं. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी होत्या, दोर तुटून कामगार जखमी. एवढंच. त्या चार ओळी वाचून शेजारच्या शेडमधल्या माणसाला काय कळणार होतं? त्याच बंडलातली दुसरी स्लिंग कदाचित त्याच्याकडेही लटकत होती.

तिसरी गोष्ट, गरगर फिरणाऱ्या दोराची. साधा सहा पेडी दोर एकाच लाईनवर उंचावरून लोंबकळत सोडला आणि वजन लावलं की पीळ उलगडायला बघतो, म्हणून खालचं वजन गरागरा फिरतं. त्यासाठी न फिरणारा दोर मिळतो, १९×७ किंवा जास्त उंचीला ३५×७, त्यात आतल्या थराचा पीळ एका बाजूला आणि बाहेरच्या थराचा दुसऱ्या बाजूला असतो, दोघं एकमेकांना आवरतात. टॉवर क्रेनला हाच लागतो. पण याचाही स्वभाव समजून घ्यावा लागतो, कारण यात आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना छेदतात आणि तारा आधी आतून तुटतात. म्हणून साधा स्टील कोअरचा दोर साडेसात टक्के बारीक झाला की काढायचा, सुताच्या गाभ्याचा दहा टक्क्याला, पण हा न फिरणारा पाच टक्क्यालाच काढायचा असतो. आयएसओ ४३०९ नावाचं स्टँडर्ड आहे त्यात हे आकडे आहेत.

विहिरीच्या यारीवाल्यांना हात जोडून सांगायचंय. सिन्नर, येवला, चांदवड, निफाड, कुठेही उन्हाळ्यात जा, यारीवर डबा वर-खाली चालू असतो आणि त्याच डब्यातून माणसं पण खाली जातात. दोर बहुतेक वेळा कुठल्यातरी क्रेनचा उतरवलेला, भंगारातून घेतलेला. लिंक रोडला भंगार बाजार होता तेव्हा तिथे मीटरवर दोर विकला जायचा, मी स्वतः बघितलाय, वरून जुनं इंजिन ऑईल फासून चकचकीत केलेला. एका कारखान्यातल्या माणसाने जो दोर धोक्याचा म्हणून उतरवला त्याच्यावर दुसरीकडे चार माणसं शंभर फूट खाली जातात. आणि डबा फिरतो म्हणून काही जण काय करतात तर सहा पेडी दोराच्या टोकाला स्विव्हल, म्हणजे मोकळी फिरणारी कडी, लावतात. असं करू नका हो. स्विव्हल लावला की सहा पेडी दोर मोकळा उलगडतो आणि ताकद घटते, आणि आतल्या गाभ्यावर जास्तीचा भार यायला लागतो. मालाच्या दोराला पाचपट मार्जिन धरतात, म्हणजे तुटायच्या वजनाच्या पाचव्या भागाइतकंच वजन लावतात, माणसं न्यायची तर दहापट धरायला पाहिजे, आणि खरं म्हणजे मालाच्या डब्यातून माणूस जायलाच नको. आणि कारखानदारांना पण विनंती आहे, उतरवलेला दोर भंगारात देताना गॅस कटरने दोन-दोन फुटाचे तुकडे करून द्या. किलोमागे दोन पैसे कमी मिळतील, मिळू द्या.

बाकी छोट्या गोष्टी पटापट सांगतो कारण त्या फुकटात होण्यासारख्या आहेत. व्हर्नियर लावताना समोरासमोरच्या दोन पेडांच्या माथ्यावर लावायचा, दोन पेडांच्या खाचेत बसवला की मोजमाप कमी येतं आणि नवीन दोर पण जुना वाटतो, मी मोठ्या मोठ्या लोकांना हे चुकताना बघितलंय. दोराचं टोक वळवून आवळायचा बुलडॉग क्लॅम्प लावताना खोगीर जिवंत म्हणजे भार घेणाऱ्या बाजूला आणि यू बोल्ट मेलेल्या म्हणजे मोकळ्या टोकावर, सगळ्या क्लॅम्पचं तोंड एकाच दिशेला, आणि पहिलं वजन उचलून झालं की परत आवळायचे, एवढं करूनही ते टोक दोराच्या ताकदीच्या ८० टक्केच धरायचं. दोन पायाची स्लिंग जितकी फाकेल तितका पायावर भार वाढतो, एक टन वजनाला दोन पायांमधला कोन ६० डिग्री असेल तर एका पायावर ५७७ किलो, ९० ला ७०७, आणि १२० ला पूर्ण एक टन, म्हणजे दोन पाय असून एकाच पायाचं काम. स्लिंगमध्ये एका पिळाच्या लांबीत, म्हणजे दोराच्या जाडीच्या सहा-साडेसहा पट अंतरात, दहा तारा तुटलेल्या दिसल्या किंवा एकाच पेडात पाच दिसल्या की ती स्लिंग संपली. बंडल उलगडताना आडवं पाडून दोर ओढू नका, फिरत्या स्टँडवर ठेवून सोडा, नाहीतर कडी पडते, म्हणजे दोराला पीळ पडून मोड येते, आणि एकदा कडी पडलेला दोर हातोडीने सरळ केला तरी तिथला जीव गेलेला असतो. नवीन दोर चढवायच्या आधी पुलीच्या खाचेत बोट फिरवा, जुन्या बारीक झालेल्या दोराने तिथे आपला ठसा पाडलेला असेल तर नवीन दोराला ती खाच कानशीसारखी कापते. ड्रमची खाच उजवी असेल तर दोर डाव्या पिळाचा लागतो, हे तर खूप जणांना माहीतच नसतं, मग दोर ड्रमवर नीट बसत नाही, एकमेकांवर चढतो आणि शिव्या खातो ऑपरेटर. आणि ग्रीसचा जाड थर वरून थापू नका, आत झिरपणारं ल्युब्रिकंट मारा. वरून थापलं की तुटलेल्या तारा झाकल्या जातात आणि पावसाळ्यात आत गेलेलं पाणी आतच राहतं, मग दोर आतून गंजतो. उघड्यावरच्या क्रेनला शक्यतो गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, दोरच घ्या, इगतपुरी-घोटीकडे जिथे चार महिने धो धो कोसळतो तिथे तर नक्कीच.

जास्त ग्रेडचा मोह पण आवरा. १७७० च्या जागी १९६० घेतला म्हणजे जास्त सेफ असं सरसकट नसतं, ताकद वाढते हे खरं आहे पण क्रेन बनवणाऱ्याने जो दोर लिहून दिलाय त्याच्यावर पुली, ड्रम, टोकाची बांधणी सगळं ठरलेलं असतं. क्रेनचं मॅन्युअल कपाटात पडलेलं असतं, ते काढून बघायला दहा मिनिटं लागतात.

हे सगळं ज्ञान काही नवीन नाही. १८३४ मध्ये जर्मनीतल्या हार्झच्या डोंगरात विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या खाण अधिकाऱ्याने पहिला तारेचा दोर वळला, कारण खाणीत साखळ्या अचानक तुटायच्या, साखळीची एक कडी गेली की सगळं गेलं. दोरात एक तार तुटली तर बाकीच्या भार घेतात आणि तुटलेली तार आपल्याला दिसते. म्हणजे दोर आधी इशारा देतो, हीच त्याची खरी किंमत आहे. आपल्याकडे पण १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम २९ मध्ये लिहिलं होतं की उचलायचे दोर आणि साखळ्या सक्षम व्यक्तीने निदान १२ महिन्यातून एकदा बारकाईने तपासायच्या आणि सुरक्षित भाराच्या वर वजन लावायचं नाही. आपल्या देशाचं आयएस २२६६ आहे दोरासाठी, आयएस २७६२ आहे स्लिंगसाठी, दोर कसा निवडायचा आणि कसा सांभाळायचा याच्यासाठी वेगळं आयएस ३९७३ आहे. सगळं लिहिलेलं आहे, फक्त ते दुकानाच्या काउंटरपर्यंत पोचत नाही. म्हणून मी सांगतो की डिमांड स्लिपवर एवढी एक ओळ पूर्ण लिहा: १६ एमएम, ६×३६ वॉरिंग्टन-सील, स्टील कोअर, १७७० ग्रेड, उजवा साधा पीळ, अनगॅल्व्हनाइज्ड, आयएस २२६६, टेस्ट सर्टिफिकेटसह. तुमच्या क्रेनला जे लागतं ते घाला, पण यातला एकही शब्द गाळू नका, आणि माल आला की सर्टिफिकेटवरचा बंडल नंबर आणि बंडलावरचा नंबर जुळवून बघा, शक्य असेल तर टोकाचा वीतभर तुकडा उलगडून गाभा डोळ्याने बघा.

आत्ताच हे लिहायचं कारण म्हणजे सिंहस्थ. कुंभमेळ्याच्या कामांसाठी शहरात पूल, रस्ते, घाट, पाईपलाईन, सगळीकडे एकदम काम निघालंय, जिथे बघावं तिथे हायड्रा (चाकांवर फिरणाऱ्या छोट्या क्रेन) आणि मोठ्या क्रेन उभ्या आहेत, पोरं बाहेरगावची, कोणाला कोणाची ओळख नाही, आणि मुदत जवळ. घाईत दोर बदलायची वेळ आली की जो मिळेल तो चढवला जातो. त्यात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, आपलीच माणसं क्रेनच्या बाजूने स्कूटर काढत असतात, लटकलेल्या पाईपाखालून शाळेची पोरं जातात, हे मी पंचवटीत स्वतः बघितलं आणि मुकादमाला थांबवलं, तो म्हणाला काका काय होत नाही.

निमा आणि आयमा या आपल्या उद्योजकांच्या संघटना आहेत, त्यांनी एखाद्या शनिवारी छोट्या युनिटवाल्यांना, स्टोअर-परचेसच्या मुलांना आणि ऑपरेटरना एकत्र बसवून फक्त दोन तास दोर कापून, उलगडून, मोजून दाखवला तरी खूप होईल. फक्त मालकांनाच नका बोलावू, जो स्लिप लिहितो आणि जो दोर चढवतो त्यांना बोलवा. मला बोलावलं तर मी येईन, मानधन वगैरे काही नको.

आणि संपादक साहेब, आपल्याकडे मागणं एवढंच आहे. पुढच्या वेळी अशी बातमी आली की आपल्या बातमीदाराला चार प्रश्न जास्तीचे विचारायला सांगा. दोर किती जाडीचा आणि कुठल्या बांधणीचा होता, गाभा कशाचा होता, शेवटचा कधी आणि कोणी तपासला, आणि टेस्ट सर्टिफिकेट आहे का. उत्तर मिळालं तर छापा. मिळालं नाही तर ‘विचारलं, उत्तर मिळालं नाही’ असं छापा. चार ओळींच्या जागी सहा होतील.

अण्णाच्या स्लिंगचा तो तुकडा मी जपून ठेवलाय, साधारण दीड फुटाचा आहे, एका बाजूने उलगडलेला, आतली काळी भुकटी अजून झडते. बातमीदारांना बघायचा असेल तर आपल्या ऑफिसला आणून देतो, पण परत पाहिजे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त मेंटेनन्स फोरमन
सातपूर, नाशिक